मामांच्या पोटातला जांभळा डाग

माझे मामा फोटो दुरुस्त करायचे. स्टुडिओच्या मागच्या अरुंद खोलीत बसून चेहऱ्यावरचे व्रण घालवणं, विटलेल्या कपड्यांना रंग आणणं, मिटलेले डोळे उघडणं, यातच त्यांचा जन्म गेला. त्यामुळे कुठल्याही फोटोवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वर्तमानपत्रातला सूर्यास्त बघूनही म्हणायचे, "केशरी जरा जास्तच ओतलाय."

पोटात जळजळ होते म्हणून मामी हात धुऊन मागे लागली, तेव्हा कुठे ते माझ्याबरोबर दवाखान्यात आले. गुंगीचं औषध देऊन घशातून दुर्बीण घातली. नंतर डॉक्टरीणबाईंनी दोन फोटो हातात दिले. पहिल्यात जठराचं अस्तर सगळीकडे गुलाबी. दुसऱ्यात तेच अस्तर, पण मधोमध नखाएवढा जांभळट डाग.

"हा मला काळजीचा वाटतो," बाई म्हणाल्या. "तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून आज तपासणीसाठी तुकडा घेतला नाही. त्या थांबवून पुन्हा या."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "दोन्ही फोटो एकाच जागेचे?"

"हो. दुसऱ्यात उजेड वेगळा असतो, आणि रंगातला बारीकसा फरक मशीन वाढवून दाखवतं."

"म्हणजे रंग तुम्ही भरलाय."

"भरला नाही. आहे तोच ठळक केला."

"मीही गिऱ्हाइकांना हेच सांगतो," मामा म्हणाले.

घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात नाही नाही ते येऊन गेलं. नवीन मशीन घेतलंय, म्हणजे त्याला पेशंट लागणारच. मामीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही आख्खं गाव गोरं करून सोडलंत, म्हणून सगळं जग तेच करतं असं नाही."

मामांनी तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. रंग कुठे कडेबाहेर गेलाय का, ते शोधलं. काही सापडलं नाही. त्यानं संशय उलट वाढलाच, कारण काम फार सफाईदार होतं.

गोळ्या थांबवून दुसऱ्या वेळी गेलो, तेव्हा त्यांनी अट घातली, की गुंगी नको, जागेपणी बघणार.

"तोंडात नळी असेल. भांडता येणार नाही," बाई म्हणाल्या.

"बोटानं भांडेन."

घसा बधिर करून त्यांना डाव्या कुशीवर निजवलं. उबळ येत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यांची नजर पडद्यावरून हलेना. बाईंनी बटण दाबलं, जांभळं. पुन्हा दाबलं, गुलाबी. मामांनी बोट वर केलं. बाईंनी परत दाखवलं. तेवढ्यात जठर आकसलं, अस्तराला घडी पडली, तिच्याबरोबर डागही दुमडला आणि पुन्हा उलगडला. मग साध्या उजेडातही बाई त्याच जागी थांबल्या. आता तिथे किंचित लाली दिसत होती. मामांचं बोट खाली आलं. बाईंनी तिथला इवलासा तुकडा घेतला.

तोंड पुसत मामांनी विचारलं, "तुमचा रंग कधी चुकतो का?"

"चुकतो. कधी नुसती सूज निघते. तुकडा कुठून घ्यायचा, एवढंच रंग सांगतो."

जिना उतरताना मामा मला म्हणाले, "चुकतो म्हणाली. बाई बरी दिसते."

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, पण अगदी वरच्या थरातला. मामांनी घरी अवाक्षर काढलं नाही. मला घेऊन ते दुसऱ्या लॅबमध्ये गेले, तोच तुकडा तिथे तपासून घेतला. तिथलंही उत्तर तेच आलं. त्या दुपारी त्यांनी मामीला हाक मारली, "बस जरा इथं," आणि सगळं सांगितलं. मामी रडली नाही. त्यांचा हात मात्र तिनं बराच वेळ सोडला नाही.

डाग दुर्बिणीतूनच काढला, पोटावर एक टाकाही पडला नाही. मामा पुन्हा कामावर जायला लागले. अधूनमधून तपासणी असते. ती झाली की ते मला बाजूला घेतात आणि विचारतात, "तुला काय सांगितलं बाईंनी?" त्यांना सांगितलेलं आणि मला सांगितलेलं जुळतं का, ते बघायला.