शाकाहारी माणसाचा चोणक

मी मासे पकडतो आणि खात नाही. हे वाक्य सांगलीत उच्चारलं की लोक मला भला माणूस समजतात, आणि कोकणात उच्चारलं की आजारी.

आयटीआयमध्ये मुलांना लेथ शिकवून निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं आणि माझ्या मुलीने, रेवाने, रॉड आणि रीळ दिलं. शाल कपाटात आहे. रॉड घेऊन मी कृष्णा-वारणेचे काठ पालथे घातले. परदेशात बास नावाच्या माशामागे लोक संसार विसरून हिंडतात, त्यांचे व्हिडिओ बघून मी शिकलो. मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि ओल्या हाताने अलगद सोडून द्यायचा. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, ही सोय पसंत पडली. आपल्याकडे तो बास मिळत नाही, पण त्याचा लांबचा भाऊबंद शोभेल असा चोणक मिळतो. हॉटेलच्या मेनूत त्याला सी-बास म्हणतात आणि नावाबरोबर दरही बदलतात.

कोकणातल्या मसुऱ्याला जायचं ठरलं ते मात्र चोणकासाठी नाही. रेवाला ओंकारशी लग्न करायचंय. दोघं पुण्यात नोकरी करतात. ओंकारचे आईवडील मसुऱ्याला असतात. वडिलांना सगळे भाई म्हणतात. हे भाई वर्षभर "बगूया" या एका शब्दावर अडून बसले होते, आणि त्यांचा होकार आल्याशिवाय लग्न करायचं नाही असं या दोघांनी ठरवलेलं. शेवटी ओंकारनेच तोड काढली. भाईंना गरवायचा, म्हणजे गळ टाकून मासे धरायचा नाद आहे, तर काका-काकूंनी पाहुणे म्हणून जावं, दोघा बापांनी होडीत बसावं, बाकीचं खाडी बघून घेईल.

निघताना रेवाने फोनवर बजावलं, "बाबा, भाईंसमोर मासा सोडू नकोस. त्यांना वाटेल त्यांना शिकवायला आलास." फोन ठेवला आणि सुलभाने बजावलं, "आणि मारूही नका." मासेमारीच्या कुठल्याही व्हिडिओत याला उत्तर नव्हतं. विचार करता एकच मार्ग दिसला. मासा लागूच द्यायचा नाही.

दिवाळी होऊन गेली होती. सांगलीहून पहाटे निघालो, कोल्हापुरात मिसळ खाल्ली, गगनबावड्याला चहा. करूळ घाट चालू आहे का हे निघण्याआधी कुणाला तरी विचारा, नाहीतर राधानगरीवरून फोंडा घाट धरा. खाली वैभववाडीला उतरल्यावर हवा दमट होते आणि सुलभाचे केस कुरळे होतात. तळेऱ्याला हायवे लागला, कणकवलीहून आचऱ्याच्या दिशेला वळलो आणि पुढे विचारत विचारत मसुरं गाठलं. वाटेत ज्याला विचारावं त्याने आधी "कोणाकडे?" असं विचारलं. भाईंचं नाव घेतल्यावर एकाने गाडीच्या टपावरच्या रॉडकडे बघून "गरवूक?" एवढंच म्हटलं आणि रस्ता दाखवला.

भाई पंचायत समितीतून निवृत्त झालेले. घराभोवती काजू आणि आंब्याची कलमं, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि मागे परसात एक मांगर, म्हणजे लाकूडफाटा नि अवजारं ठेवायची खोप. ते आमच्याशी शुद्ध मराठीत बोलत होते. मला तो आदर वाटला. सुलभा म्हणाली, आदर कसला, अंतर. ताटात आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, केळफुलाची भाजी, भात आणि सोलकढी होती. इतकं चांगलं शाकाहारी जेवण कोकणात मिळतं हे ज्यांना खरं वाटत नाही त्यांनी वहिनींच्या, म्हणजे ओंकारच्या आईच्या हातचं खावं. भाई मात्र भाताशी खेळत होते.

जेवता जेवता त्यांनी एक हकिकत सांगितली. वरच्या वाडीत एका घरात मासे न खाणारी सून आली. मुलगी गुणी, कुणाला उलट शब्द नाही. पण वास सहन होईना. आधी तव्यावर झाकण आलं, मग तवा वेगळा झाला, मग चूल वेगळी झाली, आणि आता त्या घरचा म्हातारा गोठ्यात म्हशीकडे तोंड करून बांगडा खातो. हकिकत संपवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाजीची स्तुती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई आणि मी होडीतून कालावलच्या खाडीत गेलो. तुम्ही जाणार असाल तर काठावर चौकशी करा, होडी मिळते. भाडं आधी ठरवा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. राहायला मसुरं-आचरा भागात घरगुती खोल्या तारकर्लीपेक्षा स्वस्तात मिळतात. आणि भरती-ओहोटीची वेळ बघितल्याशिवाय जाल तर फक्त ऊन खाऊन याल.

भाईंच्या हातात दोरी, तिच्या टोकाच्या गरीला जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी. माझ्याकडे हलका रॉड, केसासारखी दोरी आणि रबराची कोळंबी. या प्रकाराला इंग्रजीत फिनेस म्हणतात, सुलभा त्याला गोंजारणं म्हणते. मासा जिथे असेल तिथे बारीकसं आमिष अलगद सोडायचं, बुडू द्यायचं, रॉडच्या टोकाने जराशी थरथर द्यायची आणि मग काहीच करायचं नाही. यातलं काहीच न करणं सगळ्यात अवघड असतं. पण त्या दिवशी मला मासा नकोच होता, म्हणून मी उघड्या पाण्यात भराभर फेकत राहिलो आणि तितक्याच भराभर गुंडाळत राहिलो. लेथवर मुद्दाम वाकडं काम करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर काढायचो, त्यांची आठवण झाली.

भाईंनी बराच वेळ सोसलं. मग त्यांचं शुद्ध मराठी संपलं.

"पावण्यांनु, तुमी गरवतास की सुंगटाक आंघोळ घालतास?"

मी म्हटलं, आज हात बसत नाहीये. त्यांनी विचारलं, खात नाही तर मग पकडता कशाला? मी म्हटलं, भाई, तुम्ही पत्ते खेळता ना, ते काय खायला? त्यावर ते हसले नाहीत, पण वल्हं मारताना त्यांच्या मिशीची एक बाजू हलली असावी. त्यांना त्या दिवशी दोन काळुंदर मिळाले. घरी पोचल्यावर ते मासे कुठे गेले हे मला दिसलं नाही. जेवायला पुन्हा सांबारंच होतं.

दुपारी सुलभा विहिरीवर कपडे घेऊन गेली आणि तोंडात पदर कोंबून परत आली. हसू आवरत नव्हतं. मांगरातून धूर दिसला म्हणून ती बघायला गेली, तर आत वहिनी तीन दगडांवर तवा ठेवून मासे तळतायत आणि भाई पाटावर, कोयत्या-विळ्यांच्या रांगेकडे तोंड करून, चोरासारखे जेवतायत. तिला बघून त्यांनी ताट मागे सरकवलं. वहिनी म्हणाल्या, "काय करतलव? हेंका मासळीशिवाय घास उतरणा नाय. आणि तुमका वास नको म्हणान..."

सांगता सांगता सुलभाचं हसू थांबलं. "अहो, तो म्हशीकडे तोंड करून बसणारा म्हातारा," ती म्हणाली. "आपण येऊन दोन दिवस झाले नाहीत आणि यांचं तसंच झालं."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. आम्ही काहीच मागितलं नव्हतं, तरी एका माणसाला त्याच्याच घरातून परसात घालवलं होतं. भाई नाही म्हणतील ही भीती मला वर्षभर होती. ते बरोबर असतील असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सुलभा, जिने सांगलीत मासळी बाजाराच्या गल्लीतून रिक्षासुद्धा कधी जाऊ दिली नाही, मला म्हणाली, "उद्या नीट पकडा."

तिसऱ्या दिवशी मी नीट पकडायला बसलो. ओहोटी लागली होती. भाई तिला सुकती म्हणतात. पाणी उतरायला लागलं की कांदळवनातल्या बारीक ओहोळांतून कोळंबी खाडीत येते आणि ओहोळाच्या तोंडाशी चोणक दबा धरून असतो. दोरीच्या टोकाला लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा बांधा, कारण चोणकाच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. मी रबरी कोळंबी मुळांच्या अगदी कडेला सोडली. बुडू दिली. टोक हलवलं. मग काहीच केलं नाही. भाईसुद्धा दोरी धरायचं सोडून माझ्या रॉडच्या टोकाकडे बघत होते.

रॉड वाकला आणि रीळ किंचाळायला लागलं. चोणक पाण्याबाहेर आला, डोकं झाडलं, पुन्हा आत गेला. भाई उभे राहिले, होडी डुलली. "ओढा, ओढा," ते ओरडत होते आणि मी उलट दोरी सोडत होतो. ओढली असती तर तुटली असती. तो मुळांकडे धावला की रॉड आडवा करायचा, थकला की घ्यायचा. हात भरून आले. शेवटी तो होडीशी आडवा झाला आणि भाईंनी माझ्या जाळ्याने त्याला वर घेतलं. माझ्या हाताएवढा लांब, रुपेरी, सोनेरी डोळ्यांचा. इतका मोठा मासा मी आयुष्यात धरला नव्हता.

मी गळ काढला. भाई माझ्याकडे बघत होते. ओंकारने त्यांना माझी रीत सांगितली असणार.

"आता सोडतलास मा?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमचा आहे."

"माझ्यासाठी तुमचो नेम मोडू नकात."

"नेम माझ्या ताटाचा आहे, भाई. तुमच्या ताटाचा नाही."

मासा घेऊन त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि जे करायचं ते केलं. मी कांदळवनाकडे बघत होतो. मला वाईट वाटलं. ते लपवत नाही, आणि पुन्हा असं करेन का तेही माहीत नाही. पण परतताना भाई अखंड मालवणीत बोलत होते. कुठल्या वळणावर कोणाची दोरी तुटली, कोण किती खोटं सांगतो, सगळं.

घरी वहिनींनी मासा घेतला आणि सवयीने मांगराकडे वळल्या. सुलभा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. वहिनी, चूल आत आहे ना, असं तिने विचारलं. वहिनी संकोचून म्हणाल्या, वास सगळ्या घरभर होईल. भाई पडवीत पाय धूत होते, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सुलभा म्हणाली,

"आमची रेवा खात नाही, खाणारही नाही. पण दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडायला मी तिला शिकवलेलं नाही."

तळण आत झालं. आम्ही एका ओळीत जेवलो. माझ्या ताटात सांबारं, शेजारी भाईंच्या ताटात चोणकाच्या तुकड्या नि सार. वहिनी वाढताना दर वेळी "हो डाव येगळो हा" असं सांगत होत्या. सुलभा सोलकढीच्या तीन वाट्या प्यायली, खरं तर दोन प्यायली आणि तिसरीत नाक घालून बसली. पण उठली नाही. भाईंनी जेवण होईपर्यंत मान वर केली नाही. लग्नाचा विषय कोणीच काढला नाही. मला वाटलं होतं, आता तरी काही बोलतील. ते जेवले आणि झोपले.

चौथ्या दिवशी सकाळी निघालो. गाडीत नारळ, कोकमं, काजू भरून झाले, तरी भाईंच्या तोंडून लग्नाचं अक्षर नाही. सुलभाचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात भाई टोपी घालून खळ्यात आले, तुळशीपुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. कुणी प्रवासाला निघालं की इकडे देवाला मोठ्याने सांगायची रीत आहे. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. वहिनींनी आम्हाला हात जोडून उभं राहायला खुणावलं.

"बा देवा म्हाराजा," भाई म्हणाले, "ही तुझी लेकरा आज सांगलेक जातत. तेंच्या वाटेत काय वाकडाविकडा आसात ता दूर कर."

"व्हय म्हाराजा," वहिनी म्हणाल्या. आम्हीही म्हणालो.

"तेंच्या गरीक मासो गावांदे. खाईनात नायतर सोडीनात, ता तेंचा ते बगतीत."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या आमच्या व्याह्यांचा चेडू ह्या घरात सून म्हणान येवचा आसा. ता मासे खाय नाय. बरा आसा, आमच्या वाट्याक एक तुकडी वाढली. तेका सुखात ठेव रे म्हाराजा."

वहिनींना व्हय म्हणायला जमलं नाही, त्या डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. सुलभानेही तेच केलं. मग मीच एकट्याने म्हटलं. माझा आवाज फाटला, पण देवाला चालला असावा. भाईंनी नारळ फोडला, एक कवड सुलभाच्या हातात दिली आणि मला म्हणाले, घाटात गाडी सावकाश चालवा.

संध्याकाळी सांगलीत पोचलो. सुलभाने पिशव्या सोडल्या, कोकमं बरणीत भरली. ट्रिपमधून काय राहिलं म्हणाल तर माझ्या अंगठ्याला दोरीने पडलेला काप आहे आणि फोनमध्ये चोणकाचा एक फोटो आहे, तो मी अजून कुणाला दाखवलेला नाही. त्या माशाला मी सोडलं नाही हे मनात राहिलंय, आणि ते तसंच राहावं असं वाटतं.

तेवढ्यात रेवाचा फोन आला. तिने मासा सोडलास का, मारलास का, काहीच विचारलं नाही.

"बाबा, भाई काय म्हणाले तुला?"

"मला काही नाही म्हणाले," मी म्हटलं. "देवाला सांगितलं त्यांनी."

"काय सांगितलं?"

सुलभाने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "सूनबाई, आईला फोन कर. तिकडच्या."