खालची खोली

टेक्सासमधल्या अर्विंगच्या या अपार्टमेंटमध्ये माझा मुलगा आणि सून अनेक वर्षे भाड्याने राहत आहेत. मी त्यांच्याकडे आलो त्याला दोन वर्षे झाली. पत्नी गेली, तिचे सर्व यथाविधी झाले आणि मुलगा मला घेऊन आला. पुण्यात आम्ही उभयतांनीही जन्मभर भाड्याच्याच दोन खोल्यांत संसार केला. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. घर विकत घेण्याचा विचार आमच्या मनाला कधी शिवला नाही. त्या खोल्यांना आता कुलूप आहे. परत जायचे की इथेच राहायचे, हे मी ठरवले नव्हते, आणि कोणी विचारलेही नव्हते.

यंदा मुलाने घर घ्यायचे मनावर घेतले. बँकेने कर्जाची तयारी दाखवली आणि शनिवार-रविवार घरे पाहण्यात जाऊ लागले. मीही बरोबर जाई. गाडीत बसावे, उतरावे, पुन्हा बसावे. परक्या घरात पाऊल टाकण्यापूर्वी आम्ही तिघेही सवयीने पादत्राणे काढीत असू आणि घर पाहायला आलेली बाकीची मंडळी बुटांसह आमच्या बाजूने आत जात. घरे एकासारखी एक वाटत. एखाद्या घराविषयी मत विचारले, तर चांगले आहे असे मी सांगे. ते खोटे नव्हते. पण खरे म्हणण्याइतके माझे लक्षही नव्हते.

घरे दाखवणारी एजंटबाई इथलीच, टेक्सासची. आपल्या लोकांना घरे दाखवून दाखवून तिला आपल्या चालीरीती पाठ झाल्या होत्या. दारात उभी राहून ती फोनमधले होकायंत्र पुढे धरी, "ईस्ट फेसिंग!" असे जाहीर करी, आणि शास्त्राची संमती मिळावी म्हणून माझ्याकडे पाही. मी मान हलवीत असे. मग ती प्रसन्न होई.

सुनेला एक घर मनापासून आवडले होते. लहानसे, जुने, दोघांच्याही ऑफिसांपासून जवळ, आणि मागच्या अंगणात पिकानचे, अक्रोडासारख्या फळांचे, मोठे झाड. परंतु त्या घराच्या सगळ्या झोपायच्या खोल्या वर होत्या आणि माझे गुडघे जिना चढू देत नाहीत. खाली वेगळी खोली असलेली घरे नव्या वसाहतीत होती, ऑफिसांपासून दूर, आणि तिथे झाडे नुकतीच लावलेली. मी परत जाणार असलो तर झाडाचे घर, राहणार असलो तर दूरचे. सगळे माझ्या एका शब्दावर येऊन थांबले होते आणि तो शब्द माझ्यापाशी नव्हता. "जशी तुमची इच्छा," एवढेच मी म्हणत आलो. आसक्ती सुटत चालल्याचे हे लक्षण असावे, असे मला वाटे, आणि त्याचे थोडे समाधानही होते.

एका शनिवारी घरे पाहून परत आल्यावर मुलाने पुन्हा विषय काढला. कसलेही प्रेशर नाही, सावकाश सांगा, असे तो म्हणाला. मी माझे नेहमीचे वाक्य उच्चारले. सून स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. ती नागपूरची, मनातले ओठांवर यायला तिला वेळ लागत नाही.

"बाबा, तुम्ही 'जशी तुमची इच्छा' म्हणता न, ते ऐकायला मोठं साधुसंतासारखं वाटते," ती म्हणाली. "पण त्या बाईला मी काय सांगू? खाली बेडरूम पाहिजे की नको? तिच्या वेबसाइटवर साधूंसाठी फिल्टर नाही."

"अगं, जरा हळू," मुलगा म्हणाला.

"हळूच बोलून राहिली मी. मला ते झाडवालं घर आवडलं, हे मी कधी लपवलं का? तुम्ही राहिले तर ते मी सोडीन, आणि रडणार नाही. पण तुम्ही आमच्या सोयीचं बोलू नका. तुमचं बोला."

पोळी तव्यावर फुगली; तिने ती उतरवून माझ्या ताटात वाढली आणि वर तूप सोडले. आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनेच सुचवले की कोणत्याही घराला ऑफर देण्याआधी बाबांच्या हातून गणपतीची छोटीशी पूजा व्हावी. देव्हारा कपड्यांच्या कपाटात आहे. उदबत्तीच्या धुराने छतावरचा अलार्म वाजतो म्हणून आम्ही नुसती समई लावतो. दोघे माझ्या मागे बसली. मी आचमन केले, तळहातावर पाणी व अक्षता घेतल्या आणि संकल्प म्हणू लागलो.

संकल्पात कर्त्याने आपण कोठे आणि कधी बसलो आहोत याचा उच्चार करायचा असतो. काळाच्या बाबतीत मी दक्ष होतो; तिथी आणि नक्षत्र इथल्या पंचांगाप्रमाणे रोज पाहून घेत असे. देशाचा उच्चार मात्र मुंजीपासून जिभेवर बसलेला, तोच मी दोन वर्षे अर्विंगमध्ये करीत आलो होतो: दंडकारण्य देश, गोदावरीचे दक्षिण तीर. इथले पुरोहित या भूमीचा उच्चार वेगळा करतात, हे मी देवळात ऐकले होते. त्यांचे त्यांच्यापाशी, आपण पाहुणे, असे म्हणून मी ते सोडून दिले होते.

त्या दिवशी जीभ तिथे येऊन थांबली. घर टेक्सासमध्ये घ्यायचे, त्यासाठी देवाला हाक मारायची, आणि पत्ता गोदावरीकाठचा द्यायचा, हे मला पुढे रेटता येईना. हातातले पाणी बोटांच्या फटींतून आसनावर ठिबकू लागले. विसरलो असे वाटून मुलाने मागून हळूच "गोदावर्याः" म्हटले. लहानपणी त्यानेही ते माझ्या मांडीवर ऐकलेले. मला दुःख झाले नाही. काहीच झाले नाही. दोन वर्षे माझ्या आत हेच काहीच-नाही नांदत होते आणि त्याला मी वैराग्य समजत होतो. वैराग्याला निदान आपण कोठे बसलो आहोत हे ठाऊक असते.

मी पुन्हा पाणी घेतले आणि देवळात ऐकलेला इथल्या भूमीचा उच्चार आठवेल तसा केला. अडखळलो. पूजा यथासांग पार पडली.

प्रसाद हातावर ठेवताना मी सुनेला म्हणालो, "खालची खोली लागेल."

"नक्की ना, बाबा?"

"नक्की. तुझं झाड जाईल."

"झाड लावता येते," ती म्हणाली आणि फोन घ्यायला आत गेली. ती बऱ्याच वेळाने बाहेर आली. मी त्याविषयी विचारले नाही.

इकडे रात्रीची जेवणे आटोपली तेव्हा तिकडे उजाडले होते. मी पुण्याच्या घरमालकांना फोन लावला आणि खोल्या सोडत असल्याचे सांगितले. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी गुडघ्यांची चौकशी केली, मग विचारले, "वहिनींचं स्वयंपाकघरातलं सगळं तसंच आहे. त्याचं काय करू?" मुलाने माझ्या हातातून फोन घेतला आणि मी नंतर सांगेन, काका, असे तो म्हणाला.

पुढच्या रविवारी एजंटबाईने नव्या वसाहतीतले एक घर दाखवले. दारातच तिने दिशा जाहीर केली. मुलगा आणि सून वरचा मजला पाहायला गेली आणि मी खालच्या खोलीत एकटा उभा राहिलो. खोली रिकामी होती, नव्या रंगाचा वास होता. भिंतीला एक खिडकी, तिच्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा पडदा. ही खोली मला आवडली की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मुलगा जिना उतरून आला तेव्हा मी त्याला म्हटले, "ही खिडकी उघडते का, ते त्यांना विचार."

तो पाहतच राहिला. मग त्याने मोठ्याने त्या बाईंना हाक मारली.

खिडकी घट्ट बसली होती. बाईंनी आणि मुलाने दोन्ही बाजूंनी जोर लावला तेव्हा ती वर सरकली, आणि बाहेरची गरम हवा आत आली.