अळणी वरण

आमच्या घरात दोन गोष्टी कधीच होत नसत. आई स्वयंपाक चाखून बघत नसे, कारण देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी तो उष्टा करायचा नाही. आणि बाबा ताटातल्या अन्नाला नाव ठेवत नसत. वरण करपलेलं असो की भाजी कच्ची, ते चुपचाप ताट चाटूनपुसून साफ करत. लहानपणी मी नाक मुरडलं की म्हणत, "अन्नाले नाव ठेवू नये वं, त्याले ऐकू येते." या दोन्ही सवयींचं मला भारी कौतुक होतं. मैत्रिणींना सांगत सुटायचे.

बाबा कन्हानच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाले आणि दोघं शहरात, नंदनवन वस्तीत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आले. तिथेच बाबांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी बजावलं, याचा तडाखा मेंदूला बसू शकतो, मीठ कमी करा, रोज प्रेशर मोजा. मी पडले मास्तरीण, तपासणं माझ्या हाडात भिनलेलं. शाळेत जाण्याआधी रोज त्यांच्याकडे जायचं, दंडाला पट्टा बांधायचा, मशीनवरचा आकडा बघायचा. मेंदूला चांगलं म्हणून भिजवलेले अक्रोड आणि भाजलेलं जवस मी समोर उभी राहून खायला लावायची.

"असलं खाऊन डोकं चालते तं आपल्या आंगणातल्या खारीनं मॅट्रिक पास केली असती," बाबा म्हणायचे, पण खायचे.

आई त्यांच्यासाठी वेगळ्या, लहान गंजात, म्हणजे पातेल्यात, अळणी वरण आणि भाजी करू लागली. मी माझ्या घरी जेवायचे, त्यामुळे त्या गंजातलं कधी माझ्या तोंडात गेलं नाही.

आकडा मात्र उतरेना. गोळी बदलली, मग आणखी एक वाढली. दर वेळी डॉक्टर विचारायचे, "मीठ कमी आहे ना?" मी छातीठोकपणे सांगायची, "अळणीच जेवतात." बाबा शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहायचे. त्यांच्याकडे एकदा तरी नीट बघायला हवं होतं.

त्याच सुमारास आई दूध गॅसवर ठेवून विसरली. पातेलं काळंठिक्कर पडलं, घरभर धूर. मी घाबरले आणि माझा आवाज चढला. "आई, आणखी एकदा असं झालं ना, तर मी स्वयंपाकाला बाई लावीन." आई पातेलं घासत बसली. बाबाच म्हणाले, "एवढ्यासाठी काहून ओरडून राहिली? कोणी इसरत नाही काय?" मलाही ते पटलं. वय झालं की चालायचंच, आपण सगळेच असं म्हणतो.

एका सकाळी पट्टा बांधायला गेले तर चहा त्यांच्या ओठांतून सदऱ्यावर सांडत होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं एकेका शब्दावर आलं.

दवाखान्यात त्यांना नळीने पातळ अन्न देत होते. आईला हे कितीदा सांगितलं तरी ती रोज त्यांचा डबा भरून माझ्या हातात द्यायची. एका दुपारी अन्न टाकवेना, म्हणून त्यांच्या पलंगाजवळ मीच तो उघडून बसले. पहिल्या घासालाच जीभ आखडली. इतकं खारट वरण मी जन्मात खाल्लं नव्हतं. आई सवयीने मीठ टाकायची, टाकलं हे विसरायची आणि पुन्हा टाकायची. आणि चाखायची तर तिला सवयच नव्हती.

"बाबा, घरीही असंच असायचं?"

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ शब्द जुळवत राहिले.

"तू... बाई लावली असती," ते म्हणाले. "मंग तिले... काय राह्यलं असतं?"

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. डोकं बिघडत होतं आईचं, आणि मी रोज सकाळी बाबांच्या दंडाला पट्टा बांधत होते. पुढे आईची तपासणी झाली. स्मृतिभ्रंश आहे, पूर्वीच सुरू झालेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. लवकर कळलं असतं तर जरा सावरता आलं असतं. ते 'जरा' मला अजून झोपू देत नाही.

बाबांना घरी आणलं त्या दिवशी मिठाचा डबा मी कपाटात टाकून कुलूप लावलं. स्वयंपाक मीच केला. वरणभात कालवून बाबांना भरवायला बसले, आई समोर पाटावर बसून बघत होती. बाबांनी पहिला घास तोंडात घोळवला, कसाबसा गिळला आणि डाव्या हाताने ताट सरकवलं.

"अळणी," ते म्हणाले. अगदी स्पष्ट.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी अन्नाला नाव ठेवलं होतं, आणि ते माझ्या हातच्या.

आईचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी तिला काम मिळालं होतं. "थांबा, मी आणतो," म्हणत ती लगबगीने आत गेली. एकेक डबा उघडल्याचा, झाकल्याचा आवाज येत राहिला. मग तिचा घाबरा स्वर, "मिठाचा डबा म्या कुठं ठेवला वं? मले काही आठवूनच नाही राहिलं."

बाबा माझ्याकडे बघत होते. किल्ली माझ्या कमरेला होती.

"असेल तिथंच, आई. नीट बघ," मी म्हणाले, आणि पुढचा घास त्यांच्या तोंडाशी नेला.