हबीबभाई आणि दोन बेडक्या

पहिल्या भेटीत हबीबभाईंनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. जीपच्या बॉनेटवर एक हात ठेवून ते उभे होते. पन्नाशी ओलांडलेला, आडव्या बांध्याचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, आणि समोरच्याला पारखून घेणारे बारीक डोळे. मला वरपासून खालपर्यंत पाहून ते म्हणाले, "बाई, तुमी कायनं बिघडता?"

माझ्या ऐकण्यात काही चूक झाली असं मला वाटलं. मी सिंदेवाहीकडची, धान पिकवणाऱ्या घरातली. नर्सिंग करून एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात रुजू व्हायला भामरागडच्या बाजूला आले होते. हबीबभाई त्या संस्थेच्या गाड्यांचे प्रमुख. मग त्यांनीच समजावून सांगितलं, की प्रत्येकाचं कशानं तरी बिघडतंच. कुणाचं भुकेनं, कुणाचं उन्हानं, कुणाचं साहेबानं आवाज चढवला की. "जो म्हनते मी बिघडतच नाई, त्याच्यासंगं मी जंगलात जात नाई," ते म्हणाले. मी भीत भीत सांगितलं, की जीपच्या मागच्या सीटवर बसलं की मला उलटी होते. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्या दिवसापासून पुढची सीट माझी झाली.

हबीबभाई मूळचे नागभीडचे. घरचा टायरचा धंदा भावाकडे होता आणि त्या भावावरही यांचा विश्वास नव्हता. विश्वास नसणं हा त्यांचा स्वभाव होता, पण त्यात कडवटपणा नव्हता. पंपावर डिझेल भरलं की ते बोट बुडवून वास घेत. नवा टायर आला की कान लावून वाजवून पाहत. पूल दुरुस्त झाला असं कुणी सांगितलं, तर आधी स्वतः उतरून पुलावरून चालत जात आणि मग गाडी आणत. मी एकदा म्हटलं, भाऊ, असं जगायला थकवा येत नाही का? त्यावर त्यांनी उलट मलाच विचारलं, की मी इंजेक्शन देण्याआधी बाटलीवरची तारीख का वाचते.

आमच्या कामाची खरी अडचण पावसाळ्यात असायची. डांबरी रस्ता सोडला की आतल्या टोल्यांना, म्हणजे पाड्यांना, जीप जात नसे. आजारी माणसाला खाटेवर घालून चौघं जण चिखलातून आणत, आणि बाळंतपण अडलेल्या बाईसाठी तेवढा वेळ नसे. म्हणून संस्थेनं एटीव्ही घ्यायचं ठरवलं. ही फुगीर चाकांची, दारं नसलेली, चिखलात आणि दगडांत चालणारी गाडी. पुढं दोन सीट, मागं सामानाचा हौदा, त्यात स्ट्रेचर बांधता येई. नागपूरच्या एका विक्रेत्यानं दोन गाड्या पावसाळाभर वापरून बघायला दिल्या, एक लाल आणि एक हिरवी. सोबत अमोल नावाचा त्यांचा माणूस आला. टोल्यावरच्या लोकांनी दोन्ही गाड्यांचं नाव बेडकी ठेवलं.

लाल बेडकी मोठ्या इंजिनाची. तिचं स्टेअरिंग एका बोटानं फिरे, आणि समोरच्या पडद्यावर रंगीत दिवे. हिरवी अंगानं तेवढीच, पण ताकद कमी, स्टेअरिंग जड आणि पडदा नाहीच. अमोल लाल गाडीचं कौतुक करताना थकत नसे. येताना त्यानं सगळ्यांसाठी संत्र्याची बर्फी आणली होती. हबीबभाईंनी आपला तुकडा कागदात गुंडाळून फडताळात ठेवला. निकाल लागेपर्यंत खाणार नाही, म्हणाले. त्या तुकड्याला मुंग्या लागल्या.

पारख करण्याची त्यांची रीत त्यांचीच होती. त्यांनी मला स्ट्रेचरवर आडवं व्हायला सांगितलं, पट्टे आवळले आणि कापणी न झालेल्या धानाच्या खाचरांच्या कडेकडेनं, मातीच्या उंच धुऱ्यांवरून दोन्ही गाड्या नेल्या. रोग्याला काय वाटतं ते रोग्याच्या जागेवरूनच कळेल, असं त्यांचं म्हणणं. लाल गाडीत मी जवळजवळ झोपले असते. हिरवीत प्रत्येक ढेकूळ पाठीला लागलं. मग हौद्यात तांदळाची पोती घालून मुरमाच्या चढावर नेलं. लाल गाडी गुणगुणत चढली. हिरवी धापा टाकत, पण न थांबता वर आली. उतारावर लाल गाडी स्वतःच स्वतःला धरून उतरायची. हिरवीला ब्रेक दाबून दाबून आणावं लागे.

सगळ्या परीक्षांत लाल पुढं होती. तरी हबीबभाई हिरवीच्या बाजूचे. लाल गाडीचं स्टेअरिंग हातात धरून ते मला म्हणाले, "पाहा, हातात काईच लागत नाई. चाकाखाली गोटा हाये का चिखल हाये, हे स्टेअरिंगनं सांगाले पायजे. हे तर लपवून राह्यली."

इथून ऑफिसात कुजबुज सुरू झाली. हिरव्या गाडीचे सुटे भाग विकणारं दुकान नागपुरात आहे आणि ते हबीबभाईंच्या साडूचं आहे, असं आमच्या भांडारपालाला कुठून तरी कळलं. जो माणूस जगावर संशय घेतो त्याच्याकडं सगळे आता तिरक्या नजरेनं पाहू लागले. चहाच्या वेळी ते आले की बोलणं थांबे. मलाही वाटू लागलं, की एवढी चांगली गाडी नको म्हणायला दुसरं काय कारण असणार? धुऱ्यांवरच्या हिसक्यांनी माझी पाठ अजून दुखत होती.

शेवटी मी सरळ विचारलं. ते जीपखाली आडवे पडून काही तरी आवळत होते. बाहेर आले, हात पुसले, आणि रागावले मात्र नाहीत. उलट त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

"हाये ना माझ्या साडूचं दुकान," ते म्हणाले. "म्हनूनच तुमाले संगं घेतो. मले ते गाडी खरंच पटते का साडूमुळं पटते, हे मलेच समजून नाई राह्यलं. तुमी शक ठेवा माझ्यावर. सोडू नका."

एखाद्या आरोपाला माणूस असं उत्तर देईल हे माझ्या कल्पनेत नव्हतं. माझा संशय त्यानं गेला नाही, पण आता तो आम्हा दोघांचा झाला.

पावसाचा जोर होता त्या दिवसांत एका सकाळी नाल्यापलीकडच्या टोल्यावरून निरोप आला. तिथली आशाताई मोबाईलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून बोलत होती. जयनी नावाची पहिलटकरीण, कळा कालपासून, आणि बाळ आडवं. ऑपरेशनशिवाय सुटका नव्हती. डांबरी रस्त्यावर अ‍ॅम्ब्युलन्स उभी करायला सांगून आम्ही निघालो. हबीबभाई एका गाडीच्या भरवशावर कधीच जात नसत. पुढं हिरवी, ती ते चालवत होते आणि शेजारी मी. मागं लाल घेऊन अमोल.

जाताना नाला मांडीएवढा होता. दोन्ही गाड्या पार झाल्या. जयनीला तपासलं, सलाईन लावलं आणि हिरव्या गाडीच्या हौद्यात बांधलं. मी तिच्याजवळ हौद्यातच बसले. कोणत्या गाडीत, हा प्रश्न हबीबभाईंनी कुणाला विचारलाच नाही. टोल्यावरचे चार गडी आणि जयनीची सासू नाल्यापर्यंत सोबत आले.

येताना पाणी वाढलं होतं. मधोमध पोचलो आणि हिरवीचं इंजिन जोरात ओरडलं, पण चाकं फिरेनात. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा पट्टा भिजून घसरत होता. गाडी बंद नव्हती, नादुरुस्त नव्हती, नुसती जागेवर उभी राहून गर्जत होती. पाणी हौद्याच्या कडेला लागलं. जयनीनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं, की तिच्या बांगड्या माझ्या हातावर उमटल्या.

अमोलनं लाल गाडी पाण्यात घातली. बाजूला आणून अशी उभी केली, की प्रवाहाचा जोर तिच्या अंगावर यावा आणि आम्ही आडोशाला राहावं. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. गड्यांनी स्ट्रेचर उचलून या हौद्यातून त्या हौद्यात दिलं. हबीबभाई क्षणभर हिरवीच्या स्टेअरिंगवर हात ठेवून उभे राहिले. मग गड्यांना गाडी दोरानं अर्जुनाच्या झाडाला बांधायला सांगून ते लाल गाडीच्या मागं चढले आणि स्ट्रेचरची कड धरून बसले. अमोलला फक्त म्हणाले, "चालवा."

लाल गाडी नाल्यातून सहज निघाली. पुढं मुरमाचा लांब चढ, आणि त्याच्या मध्यावर पडद्यावर लाल दिवा लागला. अमोलनं तो पाहिला. मागं वळून म्हणाला, की हे दिवे कधी कधी उगाच लागतात, आता थोडंच राहिलं आहे, रेटून नेतो. मलाही तेच हवं होतं. जयनीची नाडी माझ्या बोटांखाली पळत होती.

हबीबभाई म्हणाले, "थांबवा."

"भाऊ, वेळ नाई आपल्यापाशी," अमोल म्हणाला.

"हे खरं बोलून राह्यली. बंद करा."

गेले कित्येक दिवस ज्या गाडीला ते खोटी म्हणत होते, तिच्याबद्दल हे बोलत होते. अमोलनं गाडी बंद केली. पुढची जाळी उघडली तर नाल्यातला गाळ आणि गवत रेडिएटरला लिंपून बसलं होतं. आतलं पाणी उकळायच्या बेतात होतं. दोघांनी बोटांनी, काटक्यांनी गाळ काढला, पिण्याच्या पाण्याची कॅन वरून ओतली. मी जयनीशी बोलत राहिले. तिला माझी मराठी अर्धीच कळत होती, तरी ती मान हलवत राहिली. रेटून नेलं असतं तर गाडी चढावर कायमची बसली असती, हे अमोलनंच नंतर सगळ्यांना सांगितलं.

दिवा विझला. आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. अ‍ॅम्ब्युलन्स तिथं होती. दुपारी तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगी झाली. रडायला तिनं वेळ घेतला, पण रडली.

कोणती गाडी घ्यायची हे ठरवायला बैठक बसली तेव्हा हबीबभाई हिरवीची बाजू कशी सावरतात, हे बघायला सगळे टपून होते. त्यांनी लाल गाडीचं नाव घेतलं. भांडारपालानं विचारलं, की तीही तर वाटेत थांबवावी लागलीच होती, मग तीच का?

"दोघीनंबी धोका देल्ला," हबीबभाई म्हणाले. "पन हिरवीनं न सांगता देल्ला. लालनं आंधी सांगतलं, मंग देल्ला. मले सांगनारी पायजे."

एवढंच बोलून ते बसले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, की साडूचा फोन आला होता, खूप नाराज आहे. हे सांगताना त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं, ते मी विसरले नाही. स्वतःवरचा संशय फिटल्याचा आनंद फार थोड्यांच्या वाट्याला येत असावा.

त्या पावसाळ्यानंतर त्यांनी मला बेडकी चालवायला शिकवलं. गाड्या दोन लागतात तसे चालवणारेही दोन लागतात, असा त्यांचा हिशेब. शिकवणारा म्हणून माणूस असह्य होता. मी क्लच नसलेल्या गाडीत पाय आपटते, वळणावर श्वास रोखते, दगड दिसायच्या आधी घाबरते, हे सगळं ते सतत बोलून दाखवत. मी कधी चांगली चालवली, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. मी विचारलं तर म्हणत, अजून माहीत नाही.

मागच्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर, आम्ही तापानं फणफणलेल्या एका म्हाताऱ्याला घेऊन त्याच मुरमाच्या वाटेनं येत होतो. हबीबभाई चालवत होते. सपाट वाटेवर त्यांनी एकदम ब्रेक मारला. समोर काहीच नव्हतं, फक्त सागाची सावली पडली होती. ते थोडा वेळ तिच्याकडं बघत बसले. मग इंजिन चालू ठेवून खाली उतरले.

"तुमी चालवा, बाई," ते म्हणाले. "मले ते सावली खड्ड्यावानी दिसली. डाव्या डोळ्याचं काई खरं नाई. माझ्यावर आता भरोसा ठेवाचा नाई."

मी म्हटलं, अजून अर्धी वाट आहे, हळूहळू नेऊ, पोचल्यावर डोळ्यांचं बघू. त्यांनी मान हलवली आणि मागं म्हाताऱ्याजवळ जाऊन बसले.

मी चालवू लागले. नाला आला, चढ आला, उतार आला. प्रत्येक ठिकाणी मागून काही तरी ऐकू येईल म्हणून माझे खांदे आवळले जात होते. मागून फक्त म्हाताऱ्याचं कण्हणं येत होतं. डांबरी रस्ता लागला. मी आरशात पाहिलं, तर म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन, डोळे मिटून ते शांत बसले होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली आणि ते नागभीडला गेले.