माझा हात मिळणार नाही

"मार तिला. माझ्या म्होरं मार," मालकीणबाई म्हणाल्या.

ती म्हणजे माझी लेक. चार वर्षांची. मी त्यांच्या घरामागच्या परड्यात भांडी घासत होते, हाताला राख. लेक चिंचेखाली उभी, हातात पाण्याची करवंटी.

मारायचं मीच. त्या आमच्या पोरांना हात लावत नसत, विटाळ होतो. म्हणून आमच्या वस्तीतल्या पोरानं काही केलं की त्याच्या आईनंच त्यांच्या दारात त्याला बडवायचं. त्यांचं समाधान होईपर्यंत. कोरेगावकडच्या या गावात रीतच होती.

माझ्या माहेरी, पाटणकडंही हीच. लहानपणी मी जमीनवाल्यांच्या पोरांच्या झोक्यावर बसले, तर आईनं मला त्यांच्या अंगणात फोकानं मारलं. घरधनीण पायरीवर शेंगा सोलत होती. शेंगा सोलून झाल्या तेव्हा म्हणाली, "बास आता." घरी आल्यावर आईनं वळांना तेल लावलं. बोलली काहीच नाही. मीही बोलायची थांबले. चौथीत शाळा सुटली, पण वर्गात तोंड उघडणं त्याआधीच सुटलं होतं. अजून चार माणसांत घसा सुकतो. म्हणून लिहिते.

माझ्या लेकीचा गुन्हा काय? ती त्यांच्या नातीबरोबर घर-घर खेळत होती. त्या वर्षी त्यांच्याकडं रंगीत टीव्ही आला होता, पण नातीला करमायचं ते चिंचेखालीच. मातीच्या भाकरी, चिंचोक्यांची आमटी. त्या दिवशी नात कामवाली झाली होती आणि माझी लेक मालकीण. कामवालीला तहान लागली. लेकीनं करवंटी उंच धरली आणि वरून पाणी सोडलं. नात खाली ओंजळ धरून पीत होती. दोघी हसत होत्या.

त्या घरात मी रोज तशीच पाणी प्यायचे. लेक शेजारी बसून बघायची. मला वाटायचं, एवढ्याशा पोरीला काय कळतंय.

"हेच शिकवतीस व्हय पोरीला?" मालकीणबाईंनी विचारलं.

आम्ही दोघींनी शिकवलं होतं. त्यांनी ओतून, मी पिऊन.

लेक माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. हाताकडं बघत होती. आता मारलं, तर उद्या खेळात ती मारणारी होईल. चिंध्यांच्या बाहुलीला झोडपेल. पुढं पोटच्या पोरीला. नाहीतर माझ्यासारखी मुकी होईल.

मी राख धुतली. पोरींजवळ जाऊन बसले. करवंटी पुन्हा भरली.

"बाळा, पाणी असं हातात द्यायचं," लेकीला म्हणाले, आणि करवंटी नातीच्या हातात दिली. तिच्या बोटांना माझी बोटं लागली. ती घटाघटा प्यायली, उरलेलं पाणी माझ्या लेकीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता मी मालकीण."

मालकीणबाईंनी तिला दंडाला धरून ओढलं. ती रडायला लागली.

"उद्यापासनं येऊ नगंस," मला म्हणाल्या.

"न्हाई येत," मी म्हणाले. आवाज कापला. पण निघाला.

घरी सासूबाई तणतणल्या. "दोन चापट्या मारल्या असत्यास तर हात झिजला असता व्हय? आमी न्हाई मारलं पोरास्नी?" मारलं होतं. सगळ्यांनीच. तेच तर.

आता मी दुसऱ्या गावात भांगलायला, पिकातलं तण काढायला जाते. लांब पडतं, लेक बरोबर असते. बांधावर खेळते. सांडते, फोडते, उलट बोलते. कधी माझं डोकं फिरतं. तेव्हा मी उठून उसाच्या सरीत जाऊन उभी राहते, राग उतरला की येते आणि तिला समजावून सांगते. पाण्याची बाटली माझी मी नेते. ओंजळ धरत नाही.

आणि माझ्या लेकीला मारायला यापुढं कुणी माझा हात मागू नये. मालकीणबाईंनी नाही, सासूबाईंनी नाही. तो मिळणार नाही.