गुळण्यांचा मॉनिटर

सत्तावन साली फ्लूची साथ आली तेव्हा मी वाशीमच्या नॉर्मल स्कुलात, म्हणजे मास्तर तयार करणाऱ्या शाळेत होतो. आम्ही सगळे बाप्येच, काहींना तर घरी लेकरं होती. वसतिगृहात एका रांजणातलं पाणी एकाच गडव्यानं प्यायचो आणि एक विडी चार तोंडांत फिरवायचो.

शेजारच्या गावांत माणसं तापानं पडू लागली, तसे आमचे सुपरिंटेंडंट साहेब जागे झाले. प्रार्थनेनंतर त्यांनी हुकूम काढले. प्रत्येकानं आपला पेला ठेवायचा, खाटा लांब लांब लावायच्या, शिंकताना तोंडाला रुमाल धरायचा आणि सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या. देखरेखीला एक मॉनिटर हवा होता. आरोग्यशास्त्रात मला सगळ्यांत जास्त मार्क होते, म्हणून मान मला मिळाला.

मान माझ्या डोक्यात गेला, हे कबूल करायला आता हरकत नाही. साहेबांनी फक्त गुळण्या बघायला सांगितलं होतं. घसे तपासणं ही माझी भर. हातात बॅटरी आणि स्वयंपाकघरातला चमचा घेऊन मी खाटेखाटेवर जायचो, माझ्या बापाच्या वयाच्या माणसालाही ‘आ करा’ म्हणायचो आणि डॉक्टरासारखा ‘हं’ करायचो. घशात काय बघायचं ते मला ठाऊक नव्हतं. चमचा दर वेळी उकळत्या पाण्यात बुडवायचा, असा नियमही मीच केला होता. तिसऱ्या दिवसापासून तो धोतराला पुसून भागवू लागलो.

माझ्या खोलीत मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा गडी होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. तो गुळण्या मुकाट्यानं करायचा, पण मला घसा दाखवायला साफ नकार द्यायचा. मी त्याचं नाव साहेबांना कळवलं. त्याला राग आला नाही, उलट हसू आलं.

आठवडाभरानं माझंच अंग मोडून आलं. डोळे जळत होते, पायांत गोळे येत होते. पण मॉनिटरलाच फ्लू झाला तर लोक काय म्हणतील? मी दुप्पट जोरानं गुळण्या केल्या, अंगावर घोंगडी घेतली आणि दोन दिवस तसाच घसे तपासत फिरलो. तिसऱ्या सकाळी तांड्यावरच्या गड्यानं न विचारता माझ्या कपाळाला हात लावला.

“तुले ताप हाय. काहून लपवून राह्यला?”

मी म्हणालो, थकवा आहे. त्यानं बॅटरी आणि चमचा माझ्या हातातून काढून घेतला. त्याच्या आजानं सांगितलेलं त्यानं मला ऐकवलं: प्लेगाच्या दिवसांत तांडाच्या तांडा घरं सोडून वावरात राहायला गेला होता, आणि ज्याला गाठ आली त्यानं आपणहून लांब पाल ठोकलं होतं. “त्याले कोनी मॉनिटर नव्हतं केलं,” तो म्हणाला.

मग त्यानंच माझं अंथरूण सूतकताईच्या खोलीत नेलं. चरख्यांच्या मधे मी पडलो. तो दाराशी भाताची पेज ठेवायचा, चार पावलं मागे सरायचा आणि मी खाईपर्यंत तिथेच उकिडवा बसून मानोऱ्याकडच्या गोष्टी सांगायचा. माझ्या मागोमाग त्या खोलीत एकेक खाट येत गेली. ज्यांचे घसे मी तपासले होते, तेच बहुतेक. मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो.

शेवटी खुद्द साहेबांची खाट आली, नेमकी माझ्या शेजारी. न राहवून मी सगळं सांगून टाकलं: ताप लपवल्याचं, चमच्याचंही. साहेबांनी पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं. मग हळूच म्हणाले, “मलाही चार दिवसांपासून ताप होता. तुम्हाला बोलून दाखवायची लाज वाटली.”

आम्ही दोघंही वाचलो, बाकीचेही सगळे वाचले. उरलेली साथ त्या तांड्यावरच्या गड्यानं सांभाळली. कुणाचा घसा न बघता. कुणी नुसता खोकला, तरी तो त्याची वळकटी उचलून चरख्यांच्या खोलीकडे चालू लागायचा, आणि माणूस आपोआप तिच्या मागे जायचा.