खंडेनवमीचे चार मॉनिटर

हेडक्लार्क भाऊसाहेबांनी पिशवीतून प्लास्टिकची छोटी बाटली काढली. टोपण उघडलं. वास आला तेव्हाच कळलं, गोमूत्र आहे.

समोर टेबलांवर चार नवे मॉनिटर. प्रत्येकाला झेंडूचा हार. खंडेनवमीची पूजा. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात दरवर्षी असते. शेतकरी अवजारं पुजतो, आम्ही कॉम्प्युटर पुजतो.

पूजेचं ताट सुनीताच्या हातात होतं. सुनीता अकाउंटला असते. भाऊसाहेब तिला म्हणाले. हळूच म्हणाले, पण मी शेजारीच उभी होते.

"यांनी हात लावलाय ना सगळ्यांना. आधी शुद्ध करून घेऊ."

'यांनी' म्हणजे मी.

त्यांनी झेंडूचं फूल बाटलीत बुडवलं आणि चारही स्क्रीनवर शिंपडलं. भिंतीला त्याच आठवड्यात आलेलं नवं कपाट होतं. ते हमालांनी आणून ठेवलं होतं. नवा प्रिंटर होता, तो शिपायानं जोडला होता. त्यांना सरळ हळद-कुंकू लावलं. त्यांच्यावर थेंब नाही.

एका स्क्रीनवरून थेंब ओघळत खाली निघाला. खालच्या कडेला बटणं असतात. लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की पाणी आत जाईल. मी पुढं झाले आणि ओढणीनं पुसलं.

"पुसू नका, पुसू नका. राहू द्या," भाऊसाहेब म्हणाले.

आरती झाली. सगळ्यांनी हात जोडले. भाऊसाहेबांनी मला पेढा दिला तो वरून सोडला. हाताला हात लागू नये इतक्या उंचीवरून.

त्या चार मॉनिटरला मी हात लावला होता हे खरं. मीच ते निवडले होते.

मी या ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर आहे. स्कॉलरशिपचे फॉर्म तपासायचे आणि कॉम्प्युटरवर चढवायचे, हे माझं काम. सकाळी बसले की संध्याकाळपर्यंत नजर स्क्रीनवर. माझ्या वाट्याला आलेला मॉनिटर एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला. पिवळट पडलेला. मान तुटलेली, म्हणून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला. मागं खिडकी, तिचा उजेड सगळा काचेवर. स्क्रीन सारखी थरथरायची. दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. मग डोकं ठणकायचं. मग मान.

डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. ते म्हणाले, "नंबर काही वाढलेला नाही. बसता कशा, बघता कशावर, ते आधी सुधारा." स्क्रीनची वरची कड नजरेच्या पातळीत हवी. हातभर लांब हवी. काच चकाकणारी नको.

मी भाऊसाहेबांना सांगितलं. ते हसले. "मॅडम, तुमच्याच लोकांचे फॉर्म भरताय. तेवढं सोसा की."

तेव्हा मी पण हसले. मला वाटलं, गंमत करतायत. त्यांच्या बाटलीत मी पाणी भरलं की ते ओतून देऊन परत भरायचे. मला वाटायचं, स्वच्छतेचं वेड आहे. डब्याच्या वेळी त्यांना नेमका फोन यायचा. मला वाटायचं, कामाचा माणूस आहे. माझी नोकरी, माझं इंग्रजी, माझी इस्त्रीची ओढणी, यांच्यावर माझा फार भरवसा होता.

मग कॉलेजला तपासणी समिती येणार असं ठरलं. ऑफिस चांगलं दिसायला हवं म्हणून मॉनिटर घ्यायला मंजुरी मिळाली. पैसे बेताचेच. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बघून या. दिवसभर तुम्हीच बसता." मला केवढा आनंद झाला. आपल्याला विचारलं, याचा.

नगरच्या दुकानात अख्खी दुपार गेली. दुकानदारानं आधी वाकड्या काचेचा मोठा मॉनिटर दाखवला. मागून निळा-लाल उजेड. "पोरं हाच घेतात," म्हणाला. मी म्हणाले, मला खेळायचं नाही, वाचायचंय. मी पेनड्राइव्हवर आमची विद्यार्थ्यांची नावं नेली होती. मराठीत, बारीक अक्षरात. प्रत्येक मॉनिटरवर तीच उघडली. रफार दिसतो का. ऱ्हस्व उकार आणि दीर्घ उकार वेगळा कळतो का. अनुस्वाराचं टिंब उडतं का. एका टिंबानं पोराचं आडनाव बदलतं, आणि आडनाव बदललं की फॉर्म परत येतो.

एक स्वस्त होता, पण बाजूनं बघितलं की रंग काळवंडायचा. दुसऱ्याची काच आरशासारखी, त्यात मी आणि माझ्यामागची ट्यूबलाइटच दिसत होती. शेवटी चोवीस इंची निवडला. काच मंद, स्क्रीन न थरथरणारी, आणि स्टँड वर-खाली होणारा. त्यात स्पीकर नव्हते. आम्हाला ऑफिसात गाणी कुठं ऐकायचीत. स्पीकर सोडले म्हणून स्टँड बजेटमध्ये बसला.

खोकी आली तेव्हा मीच फोडली. स्टँड बसवले, वायरी जोडल्या. सुनीताची उंची कमी, तिचा मॉनिटर खाली घेतला. भाऊसाहेब चष्म्यातून मान वर करून बघतात, म्हणून त्यांचाही थोडा खाली केला. त्यांच्या स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून दिली. ते म्हणाले, "वा, आता बरं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

पूजा संपल्यावर मी सुनीताला पॅसेजमध्ये गाठलं. "तू ऐकलंस ना?"

ती म्हणाली, "माझं लक्ष ताटाकडं होतं."

"सुनीता, ते तुलाच बोलले."

तिनं ऑफिसच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "मला मुलं आहेत गं. तू पण सोडून दे."

चार वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो.

संध्याकाळच्या एसटीनं काष्टीला घरी गेले. दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून विहारात निघालेल्या. धम्मदीक्षेचा दिवस. माझ्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. आणि मी त्याची शिकलेली नात, आदल्या दिवशी ओढणीनं गोमूत्र पुसून, वरून टाकलेला पेढा खाऊन आले होते.

विहारात वंदना म्हणताना माझे शब्द सारखे चुकत होते. आईनं बघितलं. घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल गप बस, नोकरी जाईल. तिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपलंय.

ती म्हणाली, "तो तुला घान म्हनला. मग तू काय म्हनली?"

"काही नाही."

"का?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"आमाला बोलता येत न्हवतं म्हनून आमी ऐकून घेतलं. तुला तर येतंय की. मग त्या शाळा-कॉलेजाचं काय केलं?"

तिचा आवाज चढला नव्हता. ती भाजी निवडत होती. मला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

सुट्टी संपल्यावर मी लेखी तक्रार घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी वाचली. भाऊसाहेबांना बोलावलं.

भाऊसाहेब म्हणाले, "नवीन वस्तूवर शिंपडतातच. यांनी मनाला लावून घेतलं."

मी म्हणाले, "कपाट नवीन होतं. प्रिंटर नवीन होता. त्यांच्यावर का नाही?"

ते प्राचार्यांकडं बघत राहिले. माझ्याकडं नाही.

प्राचार्यांनी त्यांना बाहेर पाठवलं. मग गोड आवाजात मला म्हणाले, "मॅडम, श्रद्धेचा विषय आहे. तुम्ही समजूतदार आहात. हे बघा, माझा केबिनमधला मोठा मॉनिटर तुम्ही घ्या. खुर्चीही चांगली देतो. डोळ्यांचा त्रास आहे ना तुम्हाला?"

माझे डोळे आज आठवले.

मी म्हणाले, "सर, मॉनिटर माझ्या कामाचा आहे. तो माझ्या टेबलावर आहे आणि तिथंच राहील. तुमच्या मॉनिटरच्या बदल्यात मी तक्रार मागे घेणार नाही. भाऊसाहेब जे बोलले, ते त्यांनी सगळ्यांसमोर कबूल करावं. नाहीतर मी पोलिसांत जाते."

"तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर आहात," ते म्हणाले. आवाजातला गोडवा गेला होता.

"माहीत आहे."

कुणी काही कबूल केलं नाही. मी पोलीस स्टेशनला गेले. तिथल्या साहेबांनी दोनदा विचारलं, एवढ्याशा गोष्टीवर ॲट्रॉसिटी लावायची का. मी दोन्ही वेळा हो म्हणाले. साक्षीदार कोण, विचारलं. मी सुनीताचं नाव दिलं. ती फिरणार हे माहीत असून दिलं. तिला खोटं बोलायचं असेल तर सही करून बोलू दे.

आता ऑफिसात माझ्याशी कुणी बोलत नाही. मी आत आले की बोलणं थांबतं. सुनीता दुसऱ्या टेबलावर जेवते. भाऊसाहेब माझी फाईल शिपायाकरवी पाठवतात. 'यांच्याशी जपून बोला, कायदा आहे यांच्याकडं,' असं कुणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं. मी म्हणाले, "हो, आहे." आणि पुढचा फॉर्म उघडला.

सगळ्यांना वाटतंय मी कंटाळून राजीनामा देईन. मी देणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, कागदावर कारण लिहून काढावं. ते कारण घेऊन मी कोर्टात जाईन. साक्षीदार फिरला तरी जाईन. एकटी असले तरी जाईन. तोवर रोज सकाळी वेळेवर येईन, माझ्या खुर्चीत बसेन, आणि भाऊसाहेब समोरून गेले की मान वर करून त्यांच्या डोळ्यांत बघेन. खाली त्यांनी बघायचं.